एकशेअठ्ठावीसची चूक

गाणं फोनवर एका टचवर मिळत असताना माणसं चोर बाजारात वाकून सीडी का शोधतात? काळा घोडा ते गिरगाव, व्हाया मटण स्ट्रीट आणि लॅमिंग्टन रोड... एका शनिवारची, कानांनी केलेली भटकंती.

गुन्हा आधीच कबूल करून टाकते. २०११ मध्ये मी आठवीत होते आणि घरातली ऑफिशियल ‘कम्प्युटरवाली’ होते. त्या मे महिन्याच्या सुट्टीत बाबाच्या बासष्ट सीडी मी एकेक करून पीसीत घातल्या, सगळ्यांच्या एमपी३ फाइल्स केल्या आणि चार जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये कोंबल्या. सॉफ्टवेअरमध्ये क्वालिटीचा एक स्लायडर होता. उजवीकडे सरकवला की फाइल जाडी, डावीकडे सरकवला की बारीक. चार जीबीत सगळं बसायला हवं होतं ना! मी तो १२८ वर आणून ठेवला. बाबा जाम खूश. गाडीत पेनड्राइव्ह खोचला की ‘रोजा’पासून ‘उंबरठा’पर्यंत सगळं एका काडीत.

मग २०१४ मध्ये आम्ही मुलुंडहून ठाण्याला शिफ्ट झालो. पॅकिंगच्या राड्यात सीडींचे दोन खोके सारखे पायात येत होते. ‘हे सगळं पेनड्राइव्हवर आहे की,’ मी म्हणाले. बाबा दोन सेकंद थांबला. मग म्हणाला, ‘हो, आहे खरं.’ खोके रद्दीवाल्याकडे गेले. मीच नेऊन दिले. किती पैसे आले ते आता आठवत नाही. चार वडापाव आले असतील, फार तर.

त्या खोक्यांत ‘जैत रे जैत’ची सीडी होती. जब्बार पटेलांचा १९७७ चा सिनेमा, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. तुमच्या घरात कोणी साठीचं असेल तर त्यांना नुसतं नाव सांगून बघा, पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला बोलायची गरज नाही. आमच्या सीडीच्या इनले कार्डवर आतल्या बाजूला बाबानं बॉलपेननं तारीख टाकली होती, २००४ मधली. तारखेच्या खाली वेड्यावाकड्या अक्षरांत माझं नाव होतं. मी तेव्हा नुकतीच लिहायला शिकले होते आणि दिसेल त्या वस्तूवर सही ठोकत सुटले होते.

गेल्या महिन्यात कामासाठी बऱ्यापैकी हेडफोन घेतले. पॉडकास्ट एडिट करायची कामं हल्ली मिळतात, तर म्हटलं इन्व्हेस्टमेंट. आणि उत्साहाच्या भरात बाबाच्या पेनड्राइव्हमधलं ‘जैत रे जैत’ लावलं. दोन मिनिटांत चेहरा पडला. झांजा वाजत होत्या, पण पाण्याखाली वाजल्यासारख्या. मागचा कोरस म्हणजे दहा-बारा वेगवेगळे आवाज न वाटता एकच गोळा. आशाताईंच्या एका गाण्यात तर मधेच स्वच्छ ‘टक्’ असा आवाज. हा मी तेरा-चौदा वर्षं ऐकलाच नव्हता? की ऐकला होता आणि सोडून दिला होता?

ठरवलं. सीडी शोधायची. बाबाला न सांगता.

सुरुवात काळा घोड्यापासून केली, जरी तिथे काही मिळणार नाही हे माहीत होतं. ती सीडी आम्ही ऱ्हिदम हाऊसमधून घेतली होती. जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरचं, १९४० च्या दशकापासून चाललेलं म्युझिकचं दुकान. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते कायमचं बंद झालं, तेव्हा मी कॉलेजमध्ये होते आणि सगळ्यांसारखी मीही सोशल मीडियावर ‘एक युग संपलं’ वगैरे लिहिलं होतं. खरं सांगायचं तर त्याआधीच्या पाच वर्षांत मी तिथे एकदाही काही विकत घेतलं नव्हतं. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी घेतलं नसावं.

जहांगीरच्या बाजूच्या फुटपाथवर थोडा वेळ उभी राहिले. समोर कोणीतरी प्री-वेडिंग शूट करत होतं. मला त्या दुकानातलं आठवतं ते एवढंच की बाबा सीडी घ्यायच्या आधी ती ऐकायला मागायचा. हो, घेण्याआधी ऐकायची सोय! हेडफोन माझ्या डोक्याला मोठे व्हायचे, म्हणून तो एक बाजू माझ्या कानाला धरायचा आणि एक स्वतःच्या. म्हणजे त्याला डावीकडचं वाजणारं ऐकू यायचं आणि मला उजवीकडचं. स्टिरिओचं माझं पहिलं शिक्षण हे असं अर्धं-अर्धं झालं.

टॅक्सी पकडली. ‘चोर बाजार’ म्हटल्यावर टॅक्सीवाल्यानं आरशातून एकदा बघून घेतलं.

तुम्ही कधीच गेला नसाल तर टिप : शुक्रवारी दुकानं बंद असतात. पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर वेगळाच बाजार भरतो, पथारीवाला, आणि अट्टल शिकारी तेव्हाच येतात. माझ्यासारख्या शनिवारी दुपारी उगवणाऱ्यांना ते टुरिस्ट समजतात. भेंडी बाजाराच्या अर्ध्या भागात जुन्या चाळी पाडून टॉवर चढतायत, क्रेन दिसतात, पण मटण स्ट्रीटवर आत शिरलात की पितळी कंदील, जहाजावरची घड्याळं, सिनेमाची पोस्टर्स, भोंग्याचे ग्रामोफोन. यातले बरेचसे भोंगे नवे आहेत, जुने दिसायला बनवलेले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रेकॉर्डवाल्यांकडे एलपीचे ढीग होते आणि भाव ऐकून मी पटकन हात मागे घेतला. एलपी आता फॅशनमध्ये आलीय. कॅफेच्या भिंतीवर लावायला नेतात म्हणे. सीडीचं तसं नाही. सीडी अजून जुनी झालेली नाही, नुसतीच आऊटडेटेड आहे. म्हणून ती कोपऱ्यात, खाली, भाज्यांच्या क्रेटमध्ये. वाकून, एकेक केस पुढे ढकलत बघायचं. बोटं काळी होतात. लग्नाच्या व्हिडिओच्या व्हीसीडी, इंग्लिश स्पीकिंग कोर्स, ‘१५० सुपरहिट गाणी’वाल्या एमपी३ डिस्क, मधेच एखादी धड सीडी.

मी प्रत्येक मराठी सीडीचं इनले उघडून बघत होते. दुकानदार चाचांना वाटलं मी गाण्यांची यादी बघतेय. खरं म्हणजे मी एका सहा वर्षांच्या मुलीचं अक्षर शोधत होते. वेडेपणा आहे, माहितीय. मुलुंडच्या रद्दीतून निघालेली सीडी दहा-बारा वर्षांनी इथे या क्रेटमध्ये यायची शक्यता किती? पण एकदा ते डोक्यात बसलं की प्रत्येक केस उघडावीच लागते.

तिसऱ्या दुकानात, चक्क ‘जैत रे जैत’! प्लास्टिकमध्ये सीलबंद. म्हणजे आमची नाही, पण सीडी तर खरी. ‘ओरिजिनल है मॅडम, सील देखो ना.’ चारशे म्हणाले, अडीचशेला सौदा झाला. मी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून चहा घेतला आणि सॉलिड जिंकल्यासारखं वाटलं.

आता प्रॉब्लेम असा की सीडी आहे, पण ती वाजवायची कशावर? माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. तुमच्याही नसेल. गाडीच्या स्टिरिओतूनही ती फट कधीच गेली. म्हणून ग्रँट रोडच्या बाजूनं चालत लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावानं विचारलंत तर तिथला दुकानदारही क्षणभर विचारात पडेल. इथे यूएसबीला लागणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. काउंटरवरच्या पोरानं, वय असेल एकोणीस-वीस, बॉक्स पुसत विचारलं, ‘ताई, सीडी कशाला? पासपोर्ट ऑफिसचं काही आहे का?’ त्याच्या जगात सीडी ही सरकारी कामाची गोष्ट. गाणी ऐकायला, म्हटल्यावर तो हसला नाही. उलट गंभीरपणे म्हणाला, ‘माझे मामा पण घेऊन गेले एक.’

तिथून गिरगाव. एका ओळखीच्या साउंड रेकॉर्डिस्टनं मला एका काकांचा नंबर दिला होता. बँकेतून रिटायर झालेले, चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि त्यातल्या एका खोलीच्या तीन भिंती फक्त सिनेसंगीताच्या सीडी. साडेअकराशे. सगळ्या सिनेमाच्या सालानुसार लावलेल्या. महिन्यातून एका शनिवारी त्यांच्याकडे चार-पाच जण जमतात. अट एकच : चपला बाहेर आणि फोन सायलेंट.

मी पोचले तेव्हा वाद आधीच पेटलेला होता. एका बाजूला काका. दुसऱ्या बाजूला अ‍ॅनिमेशन स्टुडिओत काम करणारा, माझ्याच वयाचा मुलगा, ज्याला कॉम्प्रेस्ड म्हटलं की अंगावर काटा येतो. आणि मधे अंधेरीहून येणारी, पेशानं सीए असलेली एक बाई, जिला दोघांचंही हसू येत होतं.

मी विजयी मुद्रेनं माझी सीडी काढली. काकांनी सील फोडलं, डिस्क उलटी केली, खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि फक्त ‘अरेरे’ म्हणाले.

‘काय झालं?’

‘खालचा रंग बघ. हिरवट. कारखान्यात ठोकलेली सीडी चांदीसारखी दिसते. आणि मधल्या गोलाच्या कडेला बारीक नंबर कोरलेला असतो, तो इथे नाही. ही कोणीतरी घरी बर्न केलेली आहे, बेटा. सील तर कोपऱ्यावरचा प्रिंटरवालापण करून देतो.’

भोंग्याचे ग्रामोफोन आठवले. पण मी हार मानली नाही. बर्न केलेली का असेना, सीडीवरून सीडी कॉपी केली तर आवाज तोच राहतो ना? आकडे तर आकडेच. काकांना हा मुद्दा आवडला. ‘बरोबर. पण कशावरून बर्न केली, ते बघू.’ त्यांनी गाणं कम्प्युटरवर घेतलं आणि त्याचा आलेख उघडला. आडवी वेळ, उभी कंपनसंख्या, जिथे आवाज आहे तिथे रंग. खालून केशरी, वर जांभळा, आणि १६ किलोहर्ट्झला... भिंत. सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ. त्याच्या वर मिट्ट काळोख.

मग त्यांनी स्वतःची सीडी लावली. तीच १९७७ ची टेप, तेच गाणं. त्यात रंग हळूहळू विरळ होत वरपर्यंत गेला होता. ‘वर गाणं फारसं नाहीये,’ काका म्हणाले. ‘ती टेपची हिस आहे, सूं असा आवाज येतो ना, तो. पण हिस अशी रेघ मारून थांबत नसते. रेघ दिसली की समजायचं, कोणीतरी एमपी३ची सीडी केलीय.’

म्हणजे माझी अडीचशेची सीडी ही एमपी३चीच पोरगी होती! सीडीच्या कपड्यातली. आणि वाईट पुढेच आहे. माझ्या फोनमधली २०११ ची फाइल त्यांनी शेजारी उघडली. तीच भिंत, तीच जागा.

इथे थोडं टेक्निकल होऊया, कंटाळू नका. सीडी १९८२ मध्ये जपानमध्ये बाजारात आली. ती आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेते, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावं-उजवं असे दोन चॅनल. गुणाकार केला की सेकंदाला १,४११ किलोबिट. पाच मिनिटांचं गाणं साधारण ५० एमबी. १२८ ची एमपी३ तेच गाणं पाच एमबीच्या आत बसवते, म्हणजे अकरातले दहा भाग फेकून. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर इन्स्टिट्यूटमध्ये कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जमवलं. ‘.एमपी३’ हे शेपूट १९९५ मध्ये ठरलं. त्यांचा फंडा असा : मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळचा बारीक आवाज आपल्या कानाला कळतच नाही, मग तो साठवायचा कशाला? ट्यून करताना ब्रांडेनबुर्ग यांनी सुझन व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ हे विनावाद्यांचं गाणं पुन्हा पुन्हा वापरलं, कारण सुरुवातीला त्या साध्या आवाजाची वाट लागत होती.

आयडिया झकास आहे. पण १२८ मध्ये बिटांची इतकी टंचाई असते की ऐकू येणारंही कापावं लागतं. एमपी३ गाण्याचे साधारण २६ मिलिसेकंदांचे तुकडे पाडते. हलगीचा, टाळाचा, चिपळ्यांचा ठोका त्याहून खूप झटपट येतो. तो नीट मावला नाही, तर त्याचा फराटा ठोक्याच्या आधीच पसरतो. म्हणजे ‘टण्’च्या आधी पुसटसं ‘श्श’. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांची वाद्यं, झांजा, कोरस... १२८ ला जे जे अवघड जातं, ते सगळं एकत्र. काका म्हणाले, ‘दुधाची पावडर करून तिचं परत दूध केलं, तर दिसतं दूधच. साय धरते का बघ.’

अ‍ॅनिमेशनवाला मान डोलावत होता. ‘म्हणून सांगतो, एमपी३ नकोच. ३२० पण नको.’

‘थांब,’ सीए म्हणाली. ‘तू ओळखून दाखव.’

आणि मग त्या खोलीत जे झालं, ते मला या भटकंतीत सगळ्यात जास्त आवडलं. काकांनी स्वतःच्या सीडीवरून एकाच गाण्याच्या दोन नव्या एमपी३ बनवल्या, एक १२८ ची, एक ३२० ची. एक फुकटचं सॉफ्टवेअर असतं, जे तुम्हाला ‘अ’ ऐकवतं, ‘ब’ ऐकवतं आणि मग ‘क्ष’. क्ष हा अ आहे की ब, एवढंच सांगायचं. दहा वेळा. नावं दिसत नाहीत, आवाज कमी-जास्त नाही, शेजारच्याच्या चेहऱ्यावरूनही काही कळत नाही. हेडफोन वायरवाले, कारण ब्लूटूथवर गेलं की आवाज हवेतून जायच्या आधी पुन्हा एकदा आवळला जातो. सीडीच्या बाता मारत ब्लूटूथ इअरफोन घालणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सीडी विरुद्ध १२८ : मी दहापैकी नऊ. झांजांकडे कान लावला की झालं. हात वर केले आणि स्वतःलाच टाळी दिली.

सीडी विरुद्ध ३२० : मी दहापैकी पाच. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी एवढेच. काका सहा. अ‍ॅनिमेशनवाल्याला सात आले आणि तो ‘बघा!’ म्हणून उठलाच. सीए शांतपणे म्हणाली, ‘बस खाली. नुसतं नाणं उडवूनही दर सहा जणांमागे एकाला सात किंवा जास्त येतात. नऊ आण, मग बोलू.’ त्याला तिसऱ्या फेरीत चार आले. त्यानंतर तो चहा पीत बसला.

काकांनी स्वतःचे सहा लपवले नाहीत, याचं मला कौतुक वाटलं. साडेअकराशे सीडींचा मालक, आणि ‘आमच्या वयाला १२ किलोहर्ट्झच्या वर सगळी शांतता’ असं हसत सांगतो. ‘मग एवढ्या सीडी कशाला?’ मी विचारलंच.

त्यांनी उत्तर दिलं नाही. एका जुन्या हिंदी पिक्चरच्या दोन सीडी काढल्या. एक पहिली, एक बऱ्याच वर्षांनंतरची ‘नवी’. दोन्ही पक्क्या चांदीच्या, दोन्ही खऱ्या. पहिलीत बारीक हिस होती, आवाज थोडा लहान, पण सारंगी समोर बसल्यासारखी. दुसरी लावली आणि मी दचकले. सगळंच मोठ्यानं. हिस गायब, पण हिसबरोबर सारंगीची वरची धारही खरवडून काढलेली. मुखडा आणि इंटरल्यूड दोन्ही सारख्याच जोरात, कुजबुज नाहीच. हा फरक ओळखायला मला दहा वेळा काय, एकदाही ऐकायची गरज नव्हती. दारातून ऐकला असता तरी कळला असता.

‘ही सीडी. आणि ही पण सीडीच,’ काका म्हणाले. ‘पहिलीची ३२० ची एमपी३ मी दुसऱ्या सीडीपेक्षा कधीही घेईन. पण एमपी३ कुठल्या सीडीची, ते त्या फाइलवर लिहिलेलं नसतं. सीडी माझ्याकडे असली की मला माहीत असतं. आणि उद्या काही नवीन निघालं, तर मी परत मुळापासून करू शकतो. तू नाही करू शकत.’

नाही करू शकत. खरंय. मुद्दा १२८ चा नव्हताच. १२८ ची करून मूळ फेकलं, हा होता. पाच एमबीची पन्नास एमबी करणारं बटण कुठेच नाही. माझ्या अडीचशेच्या सीडीनं तेच तर केलं होतं. फाइल फुगवून सीडीएवढी केली आणि भिंत तिथेच राहिली.

सीएचं म्हणणं वेगळं होतं, आणि तेही ऐकायला हवं. ती जमवते बॅकग्राउंड म्युझिक. सीनच्या मागे वाजणारं, जे आपल्याकडे बहुतेक वेळा वेगळं निघतच नाही. ‘शोले’च्या डायलॉगची एलपी निघाली हा अपवाद. तिचं निम्मं कलेक्शन व्हीसीडीवरून काढलेलं आहे, आणि व्हीसीडीचा आवाज २२४ किलोबिटला आवळलेलाच असतो. ‘तुमच्या सीडी लखलाभ,’ ती म्हणाली. ‘माझं जे आहे ते सीडीवर आलंच नाही. मी काय, ऐकणं सोडू?’ काकांकडे यावर उत्तर नव्हतं. मग विषय स्ट्रीमिंगकडे वळला. अ‍ॅपल म्युझिकनं २०२१ पासून काहीही न कापलेला आवाज जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली, म्हणजे आकड्यांचं भांडण तिथे मिटलं. पण यादीत एखादं गाणं ‘रीमास्टर्ड’ म्हणून दिसतं आणि जुनं कुठे गेलं, ते विचारायला काउंटरवर कोणी नसतं. हे मी नाही, अ‍ॅनिमेशनवाला म्हणाला. चहानं त्याचा मूड परत आला होता.

निघताना मी काकांना विचारलं, सीडी विकणार का. नाही म्हणाले. उसनी? नाही म्हणाले. मग माझा चेहरा बघून, ‘वडिलांना घेऊन ये. इथे बसून ऐकू देत.’

पुढच्या शनिवारी नेलं. काकांकडे जातोय एवढंच सांगितलं होतं. बाबा त्रेसष्टचा आहे, घरात टीव्हीचा आवाज हल्ली त्याच्यामुळेच वर असतो, म्हणून मी फार अपेक्षा ठेवली नव्हती. तीन भिंती बघून तो चपला काढायचीच विसरला. मग परत बाहेर गेला, काढून आला.

काकांनी हेडफोन दिले नाहीत, स्पीकरवर लावलं. पहिली काही मिनिटं बाबा नुसता बसून होता. मग मांडीवर बोटं वाजायला लागली. मग तो बारीक आवाजात गुणगुणू लागला, आणि आशाताईंच्या त्या गाण्यात, कडव्याच्या मध्यावर, अचानक अडखळला. गाणं पुढे गेलं, हा मागे राहिला. मान वर करून स्पीकरकडे बघितलं.

‘टक् कुठे गेलं?’

कोणाला काही कळेना. मग मला कळलं. माझ्या फाइलमधलं ‘टक्’. रिप करताना सीडीवर एखादा चरा असणार. काकांनी नंतर समजावलं, की साधा प्लेअर अशा जागी आजूबाजूचं बघून मधली फट बुजवतो, पण तेव्हाचं माझं सॉफ्टवेअर भराभर वाचत सुटलेलं, त्यानं तशीच्या तशी फट ठेवली. चांगलं सॉफ्टवेअर तिथे थांबून पुन्हा पुन्हा वाचतं. मी चांगलं वापरलं नव्हतं. आणि बाबा ठाणे ते नाशिक, ठाणे ते पुणे, ठाणे ते गावाला, इतकी वर्षं ते ‘टक्’ धरून गाणं म्हणत आला होता. त्याला वाटायचं, मूळ गाण्यातच आहे. कुणीतरी लाकडावर काहीतरी आपटलंय.

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाबाही हसला. मी हसले नाही, मग हसले.

गाणं त्यांनी परत पहिल्यापासून लावलं. या वेळी बाबा म्हणाला नाही, नुसतं ऐकलं. झांजांच्या जागी त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. त्याला त्या ऐकू आल्या की नाही, मी विचारलं नाही.

चर्नी रोड स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी खोक्यांचं बोलले. रद्दीवाल्याचं. मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे गं. तो म्हणाला, ‘मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण तू एवढी मेहनत घेतली होतीस सगळं पेनड्राइव्हवर घ्यायला.’

दादरला उतरून पूल चढत असताना मी त्याला मटण स्ट्रीटचं, क्रेटचं, अडीचशेच्या बनावट सीडीचं सगळं सांगितलं. इनले उघडून मी काय शोधत होते, तेही.

‘शुक्रवारी किती वाजता भरतो म्हणालीस तो बाजार?’ त्यानं विचारलं.

‘पहाटे.’

‘मग पहिली लोकल पकडू.’